वादी हजर आहे

मुकुंदा,

तू गेलास आणि तुझ्या घरात पहिलं भांडण झालं ते तुला न्यायचं कुठे यावरून. तू असतास तर खुर्ची ओढून मध्ये बसला असतास आणि दोन्ही बाजूंना गप्प केलं असतंस. पण तू बाल्कनीत होतास. अस्थी घरात ठेवत नाहीत, आणि शारजात चौथ्या मजल्यावर अंगणातलं झाड कुठून आणायचं? म्हणून शैलावहिनींनी कलश फडक्यात बांधून बाल्कनीत एसीच्या पेटीशेजारी ठेवला होता. एसीचं पाणी शेजारी टपटपत होतं. भेटायला आलेल्यांना मी म्हटलं, बघा, नदीवाला माणूस, मेल्यावरसुद्धा पाण्याच्या काठाला जाऊन बसलाय. कुणी हसलं नाही. मी विनोद केला आणि समोरचा हसला नाही, असं या आखातात यापूर्वी एकदाच घडलंय, आणि तेव्हा श्रोता उंट होता. तोही नंतर एकटा असताना हसला, असं त्याचा मालक म्हणाला.

तू कसा गेलास, हे मात्र मला वाढवून सांगता येत नाही. प्रयत्न केला. जमलं नाही. दुबईहून शारजाला येणारा संध्याकाळचा रस्ता, नेहमीचा जाम, आणि तू स्टिअरिंगवर. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता, कारण तुझी गाडी पुढे सरकत नव्हती. ॲम्ब्युलन्सचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, ॲम्ब्युलन्स येत नव्हती. जन्मभर वाहत्या पाण्यावर बोललास, आणि गेलास तो तुंबलेल्या रस्त्यावर. यात माझं एक अक्षर नाही. एवढी वाईट गोष्ट मी रचली नसती.

आपली तर ओळखच एका अक्षराच्या चुकीने झाली होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी अजमानला पोळीभाजीचा धंदा नुकता मांडलेला, डबे शारजापर्यंत पोचवायचो. तू शाळेत भूगोलाचा नवा मास्तर, वहिनी अजून सांगलीला. एका गुरुवारी डबा घेताना म्हणालास, "उद्या सुट्टी. वादीत येतोस का?" मी कोल्हापूरचा माणूस. आम्हाला वाडी एकच, नृसिंहवाडी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची, आणि माझं नाव तर दत्ता. मला वाटलं, दुबईवाल्यांचा नेम नाही, सगळंच आणतात, वाडीचीही शाखा काढली असेल. पहाटे उठून आंघोळ केली, झब्बा घातला, नारळ, उदबत्ती, पेढे घेतले आणि पिकअप तुझ्या दारात. धैद मागे पडलं, डोंगर लागले, रस्ता संपला, गोटे सुरू झाले. तू म्हणालास, "थांब, आली." मी पेढ्यांचा पुडा घेऊन उतरलो. चहूकडे दगड.

"देऊळ कुठाय?"

"कसलं देऊळ?"

"वाडी म्हणालास ना लेका!"

"वादी, दत्ता. द. नदीच्या पात्राला म्हणतात इकडे."

"आमच्याकडे वादी म्हणजे कोर्टात केस घालतो तो."

तू हसत हसत पात्रात बसलास, तो बसूनच राहिलास. म्हणालास, "मग बरोबर आहे. हिची केस मीच घालणार आहे." नारळ आपण तिथेच दगडावर फोडून खाल्ला. आईला फोनवर सांगितलं, दर शुक्रवारी वादीत जातो. ती गहिवरून म्हणाली, परदेशात राहून पोरगं सुधारलं. मी दुरुस्त केलं नाही.

ती वादी कुठली ते इथे लिहीत नाही. तुझीच अट, नाव छापलं की गाड्या येतात. मसाफीच्या अलीकडे म्हणू, तेवढं पुरे. काळा डोंगर चिरून आल्यासारखी ती अरुंद घळ, एकाखाली एक तीन डोह, काठाला कण्हेर, आणि खाली गोट्यांचं रुंद पात्र, ज्यात पाणी दिसेनासं होतं. "संपलं का?" मी विचारलं होतं. "संपत नाही," तू म्हणालास, "खाली उतरतं. आता ते गोट्यांच्या पोटातून चालत मैदानातल्या खजुरांना जाणार. दिसत नाही म्हणून नाही, असं नसतं." वरच्या डोहात मासे होते. मी शारजात येऊन सांगितलं, बकरीएवढा मासा पाहिला, दाढी होती त्याला. तू डब्याच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणालास, "बोटाएवढा." झालं, पुढची सगळी वर्षं आपलं हेच चाललं. मी बकरी म्हणायचो, तू बोट.

आणि तुझी ती अमेरिकेतली नदी! दीड वर्ष तिकडे शिकायला होतास, विस्कॉन्सिनला. राज्याचं नाव तेच, नदीचं नाव तेच. मला ते उच्चारता येईना, मी विष्णूसेन म्हणायचो, आणि शेवटी शेवटी तूही विष्णूसेनच म्हणायला लागलास. खालच्या लांब टप्प्यात तिला एकही धरण नाही, मधेमधे वाळूची बेटं, काठाला उंच कडे. आणि तिथला कायदा काय, तर झाडांना पानं असताना नावेत बसलेल्या माणसाला काठावरची घरं खुपता कामा नयेत. नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, नदीतून जे दिसतं ते सगळं नदी.

"इथे पानंही नाहीत आणि नावही नाही," मी म्हटलं.

"म्हणून इथे पात्रात बसायचं. आधी बस. मग बोल."

कुणालाही आणलंस तरी तुझं पहिलं वाक्य ते. आधी बस. माणूस पात्राच्या मध्ये गोट्यांवर टेकला की म्हणायचास, आता मान फिरव, दिसतं ते सगळं हिचं. उभं राहून बघितलं की माणसाला ती आपली वाटते, बसून बघितलं की आपण तिचे वाटतो. मी चेष्टेत म्हणायचो, मास्तर, माझं वजन बघता मी एकदा बसलो की पात्राचा भूगोल बदलेल. पण बसायचो. गुडघे आजही त्याची आठवण काढतात.

गणपतीचं प्रकरण आठवतं का रे? आठवतं का म्हणजे काय, त्यानंतर निम्म्या लोकांनी वहिनींना हळदीकुंकवालासुद्धा बोलावणं बंद केलं. आपल्या मंडळींच्या घरोघरी छोटे गणपती, विमानातून मांडीवर बसवून आणलेले. बादलीत विसर्जन करताना सगळ्यांचाच जीव तुटायचा. मग कुणीतरी टूम काढली, गोड्या पाण्याचा डोह आहे ना मास्तरांचा! आणि दीड दिवसाच्या विसर्जनाला पाच-सात गाड्या वादीत. झांजा, मोरया, गुलाल. सगळ्यांचे डोळे भरलेले, खोटं नाही सांगत, माझेही. किती वर्षांनी वाहत्या पाण्यात बाप्पा जात होते. तू त्या दिवशी शाळेच्या कामात होतास.

पुढच्या शुक्रवारी आपण गेलो. डोहावर रंगाची साय, तळाशी पांढरा चिखल, आणि मासे पोट वर करून. तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरलास आणि विरघळायचे राहिलेले गणपती एकेक करून बाहेर काढायला लागलास. शर्ट काढून त्यात ठेवत होतास. मी काठावरून ओरडलो, "अरे विसर्जन झालेला देव बाहेर काढतोस? पाप लागेल!" तू पाण्यातून म्हणालास, "लागू दे. त्याला विचारून घातला होता का यात?" ते सगळे तुकडे तू घरी नेलेस आणि बाल्कनीतल्या कुंड्यांच्या मातीत मिसळलेस. वहिनींच्या मोगऱ्याला. ही बातमी कॉलनीत पसरली. मास्तरांनी बाप्पाला उपसून काढला. त्या दिवसापासून तुझा एकच नियम. नदीत काही जायचं नाही. फूल नाही, निर्माल्य नाही, राख नाही.

पण पुढच्या वर्षी लोक येणारच होते. तू म्हणालास, समजावून सांगू. मी म्हटलं, तू समजाव, मी माझं बघतो. आणि डबे वाटता वाटता मी एक जिन, म्हणजे इकडचं भूत, सोडला. मधल्या डोहात राहतो. चांगला सात-आठ पुरुष उंच. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिथे गेलेल्या एका पठाण ड्रायव्हरला त्याने अडवलं आणि चक्क मराठीत विचारलं, "पुन्हा का आलात?" मराठी का, तर नुकतेच मराठी देव पोटात गेले होते ना! अजमानला सुरू केलेली ही गोष्ट आठवड्याभरात अल ऐनहून माझ्याकडे परत आली, तेव्हा जिनाला दोन बायका झाल्या होत्या. पुढच्या गणपतीत एकही गाडी आली नाही.

तू किती चिडलास! "खोट्यावर नदी वाचवायची नसते, दत्ता. उद्या कुणाला कळलं जिन नाही, तर ते म्हणतील नदीही नाही."

"मासे जगले की नाही?"

"जगले."

"मग?"

"मग काही नाही. आधी बस," म्हणालास. हे भांडण आपण पुरं केलंच नाही कधी. अफवेने वाचवायची की अर्जाने.

तुझे अर्ज! इंग्रजीत लिहायचास, टायपिंगवाल्याकडून अरबी करून घ्यायचास आणि या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरायचास. तोवर खालच्या पात्रात पोकलेन आले होते. दुबई उंच होत होती, तिला खडी लागत होती, आणि नदीने हजारो वर्षं घासून ठेवलेले गोटे आयतेच पडले होते. डोंगराच्या पलीकडे खडी फोडायचा क्रशर बसला. त्याची धूळ अशी, की तिथल्या शेळ्या पांढऱ्या झाल्या आणि त्यांचं दूध विकताना मालक म्हणायचा, लगेच प्या, नाहीतर सिमेंट धरेल. एकदा मीही तुझ्याबरोबर ऑफिसात आलो होतो. साहेब मोठा सज्जन, कावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, पाजली, खजूर दिले, नकाशा बघितला आणि मायेने विचारलं, "उस्ताद, यहाँ नदी कहाँ है?" तू नकाशावर बोट ठेवून बोलत राहिलास. पूर येतो तेव्हा पाणी कुठून फुटेल, पात्र खणलं तर खजुरांच्या विहिरी किती खाली जातील. तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "इन्शाल्ला." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खलास." तू म्हणालास, "इन्शाल्ला म्हणजे नाही असं नसतं." तू एकटाच माणूस, जो त्या शब्दाचा खरा अर्थ, देवाची इच्छा असेल तर होईल, धरून बसायचास.

खालचं पात्र गेलं. आज तिथे खड्डे आहेत, बस उभी बुडेल एवढे, आणि हे मी कमी करून सांगतोय. वरचे तीन डोह राहिले. ते तुझ्या अर्जांनी राहिले, माझ्या जिनाने राहिले, की पोकलेन त्या घळीत शिरत नाही म्हणून राहिले, देव जाणे.

त्या संध्याकाळी जाममधून तू मला फोन केला होतास. दुबईच्या कुठल्याशा ऑफिसातून परत येत होतास. "दत्ता, ते म्हणतात पाणी बारमाही आहे याला साक्षीदार द्या. इतकी वर्षं तू बघतोयस. लिहून देशील? खरं खरं?"

मी म्हटलं, "मास्तर, मी साक्ष दिली तर आहे ती नदीसुद्धा नाही म्हणतील. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी मासा बकरीएवढा लिहीन."

तू हसलास. मग म्हणालास, "छातीत जरा भरल्यासारखं झालंय. तुझी उसळ." मी म्हटलं, "माझ्या उसळीने मेलेला माणूस अजून जन्माला यायचाय." यल्ला, ठेवतो, म्हणालास. ठेवलास.

तर भांडण. सांगलीहून तुझ्या अण्णांचा फोन आला. स्पीकरवर होता, वहिनी आणि तुझी लेक अनघा शेजारीच. थोरल्या भावाचा आवाज, वडिलांसारखा. "कृष्णाकाठचं पोर आहे. कृष्णेतच यायला पाहिजे." वहिनींना सुट्टी, तिकिटं, अनघाची बारावी, कशाचंच त्राण नव्हतं. मी बोलून गेलो, "अण्णा, त्याच्या मनात वादी होती." मनात काय होतं ते तू कधीच बोलला नव्हतास, ते मी घातलं. मग अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला. "वाडी? असं म्हणाला होता? संगमावर? आपल्या वाडीला?" आणि तो एवढा धिप्पाड माणूस रडायला लागला. "मग हरकत कसली. दत्ता, तू नेशील ना त्याला वाडीला?"

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, सांगू नका. मी म्हटलं, "हो अण्णा. मीच नेतो."

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी थकलेय. कपडे वाळत घालायला गेलं की ते दिसतात. न्या त्यांना त्यांच्या डोहात."

तेव्हा अनघा बोलली. चार दिवसांत पहिल्यांदा. "बाबा वुड हेट दॅट."

"काय गं?"

"नथिंग गोज इन, काका. ही सेड नथिंग. नॉट ईव्हन फ्लॉवर्स." आणि मग, "कृष्णा इज अ रिव्हर टू."

लेका, तुझ्या कायद्याने तुला जगातल्या एकाही नदीत जागा नव्हती.

परवा शुक्रवारी गेलो. मी, वहिनी, अनघा आणि मांडीवर तू. मार्ग अनघानेच काढला. ती खालच्या डोहाच्या अलीकडे पात्राच्या मधोमध जाऊन गोट्यांवर बसली, तू बसायचास तशीच, गुडघे जवळ घेऊन. "बाबाज रूल," म्हणाली. "आय सिट. यू वॉक. व्हेअर आय कान्ट सी यू, दॅट्स नॉट रिव्हर."

म्हणून हा पोळीभाजीवाला देह कलश पोटाशी धरून डोंगर चढायला लागला. थोडं वर गेलो, वळून बघितलं. खालून आवाज आला, "आय कॅन स्टिल सी यू, काका!" आणखी चढलो. सुटे दगड पायाखालून सरकत होते. एका हाताने तू, एका हाताने खडक. "स्टिल सी यू!" एका काळ्या सुळक्यामागे लपलो, वाटलं झालं. "युअर स्टमक, काका!" वहिनी हसल्या. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. तो आवाज घळीत घुमत वर आला आणि मी तिथेच सुळक्याला टेकून रडून घेतलं, कारण तिथे माझं तोंड तरी कुणाला दिसत नव्हतं.

मग शेवटची धार चढून मी पलीकडे उतरलो. खालून अनघा ओरडली. या पोरीने जन्मात मला मराठीत उत्तर दिलं नव्हतं.

"आता दिसत नाही!"

मी उभा राहिलो तिथे, तुला घेऊन. मुकुंदा, पलीकडे काय आहे तुला ठाऊक आहे. पलीकडे क्रशर आहे. समोर, अगदी तोंडावर. धुळीचा लोट, ट्रकांची रांग, फोडलेला डोंगर. तुझ्या नदीला जे दिसत नाही ते सगळं तिथून दिसतं. एक खुरटं बाभळीसारखं झाड होतं, पानं धुळीने पांढरी. त्याच्या बुंध्याशी माती उकरली आणि तुला मिसळलं. फूल वाहिलं नाही. प्रतिवादी समोर काम करत होता, त्याला काही पत्ता नव्हता. मी मोठ्याने म्हटलं, वादी हजर आहे. आवाज क्रशरमध्ये बुडाला.

खाली आल्यावर वहिनींनी विचारलं, "जागा कशी आहे, भाऊजी?"

मी म्हटलं, "काय सांगू वहिनी! नजर पोचेल तिथवर मोकळं. गार वारा. झाडाला तर अशी सावली, की खाली लग्नाची पंगत बसेल." वहिनींनी डोळे मिटले. अनघा माझ्या कपड्यांवरची पांढरी धूळ बघत होती. तिला कळलं. आईने डोळे उघडायच्या आत तिने ती झटकली.

आता हे लिहितोय ते इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी. तो सांगलीला अण्णांकडेही जाईल आणि वाडी-वादीचा उलगडा होईल. त्यांच्या शिव्या मी खाईन, तेवढी माझी ताकद आहे. आणि हा अंक तीच मंडळी वाचतील, ज्यांना मी जिन विकला. त्याला इलाज नाही. तू साक्ष मागितली होतीस, खरी खरी.

तर घे. मी दत्ता, राहणार अजमान, धंदा पोळीभाजीचा. त्या वादीत तीन डोह आहेत. भर उन्हाळ्यात, खालचं सगळं आटलेलं असताना, वरच्या डोहात मी दरवर्षी पाणी बघितलं आहे. पुरुषभर नाही, गुडघाभर. काठाला कण्हेर आहे. जिन नाही, कधी नव्हता.

आणि मासा, मुकुंदा, बोटाएवढाच आहे. करंगळीएवढा.